मोजणीची चौथी वही

१

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला ग्रिअर इमरी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, हिला पुन्हा स्टेपलरच्या पिना हव्यात. ऑगस्ट महिन्यात आमच्या विभागातले एम.एस्सी.चे विद्यार्थी दुसरं काही मागत नाहीत. प्रबंध द्यायला बारा दिवस उरलेले असतात आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात.

"विल्मा, वह्या कुणी नेल्यात का?"

"कसल्या वह्या?"

"आर्चीच्या. सहा होत्या. कपाटात पाचच आहेत."

मी उठले. वाचनकक्षातलं कपाट नीट बंद होतं, कुलूप शाबूत. किल्ली माझ्याच खोलीत, चहाच्या रिकाम्या डब्यात असते आणि हे विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आत पाच काळ्या वह्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. शेजारचे खोके, खालचा कप्पा, टेबलाचे खण सगळं आम्ही पाहिलं. वही नव्हती.

मी या विभागात सतरा वर्षं कारकून आहे. गणिती जीवशास्त्र म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी सांगते, इथे माणसं जिवंत गोष्टींची समीकरणं मांडतात. कुणी गाठ कशी वाढते ते मांडतं, कुणी जखम कशी भरते ते. ग्रिअर पफिन पक्ष्यांची मांडत होती. आमच्या किनाऱ्यासमोरच्या स्केलडी बेटावर हे पक्षी बिळांत अंडी घालतात. १९७१पासून गेली पंचवीस वर्षं दर जूनमध्ये पोर्टेरल गावचा आर्ची स्वँकी पक्षीरक्षण ट्रस्टतर्फे होडीने तिथे जाऊन, तीन दिवस राहून एकेक बीळ हाताने मोजत आला होता. एवढी सलग मोजणी आमच्या भागात दुसरी नव्हती. ग्रिअरचं मॉडेल त्या आकड्यांवर उभं होतं आणि बाहेरच्या परीक्षकांनी आधीच कळवलं होतं, की तोंडी परीक्षेला मूळ वह्या समोर हव्यात.

अकरा वाजेपर्यंत बातमी डॉ. निनिअन क्रेल यांच्याकडे पोचली. ते ग्रिअरचे मार्गदर्शक. आले, कपाट पाहिलं, आणि ग्रिअर कॉफी आणायला गेल्यावर दार लोटून घेऊन मला म्हणाले, "विल्मा, एक सांगतो, कुठे बोलू नका. त्या मुलीची समीकरणं महिनाभर जुळत नाहीयेत. मूळ वही सापडलीच नाही, तर चूक तिची की वहीची, हे कुणालाच सांगता येणार नाही. कळतंय ना मी काय म्हणतोय ते?"

मला कळलं. वही ग्रिअरनेच दडवली, असं त्यांना म्हणायचं होतं. आणि मला ते आवडलं नाही. मी सरळ दुसऱ्या मजल्यावर एल्सपेथ गॉल्डकडे गेले.

२

एल्सपेथ संख्याशास्त्र शिकवायची. एकसष्ट वर्षांची, उंच, पायात बाराही महिने चालायचे बूट. विभागात काही हरवलं, बिघडलं, कुणाचं कुणाशी वाजलं, की लोक तिच्याकडे जायचे. ती कुणावर आवाज चढवायची नाही आणि ऐकताना मध्ये बोलायची नाही, म्हणून.

"शेवटची कधी पाहिली?" तिने विचारलं.

"काल दुपारी. पहिला गुरुवार होता ना, आर्ची आला होता." दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आर्ची बसने गावातून येतो आणि आमच्यासाठी धुरावलेले मासे आणतो. आठवडाभर माझ्या खोलीला त्यांचा वास येतो, पण तक्रार कुणी करत नाही.

"चहाला कोण कोण होतं?"

"मी, आर्ची, डॉ. क्रेल, ग्रिअर आणि फर्गस."

"वह्यांचा विषय निघाला?"

मला आठवत होतं. ग्रिअर म्हणाली होती, "सत्त्याऐंशीचा आकडा माझ्या गळी उतरत नाही. उद्या मूळ वहीतच बघते." क्रेल हसून म्हणाले होते, "बघा बघा. त्या आकड्यावर मी अख्खा लेख लिहिलाय, जरा जपून हाताळा." फर्गस मासा खात होता. आर्चीने काट्यांची बशी उचलून धुवायला नेली होती.

"नंतर?"

"नंतर मी टपाल घेऊन खाली गेले. वीस मिनिटं खोली उघडी होती. कुणीही किल्ली घेतली असती."

एल्सपेथने पहिल्यांदा फर्गस लमाँटला बोलावलं. तो आणि ग्रिअर एकाच वर्गातले. पुढच्या संशोधनासाठी विभागात जागा एकच होती आणि ती दोघांपैकी एकालाच मिळणार होती, हे सगळे जाणून होते.

"काल सहा वाजता तू वाचनकक्षात होतास. सफाईवालीने पाहिलंय," एल्सपेथ म्हणाली.

फर्गसचे कान लाल झाले. "बॅग विसरलो होतो."

"एवढंच?"

"आणि... ग्रिअरचा आलेख टेबलावर होता. तो बघत बसलो. दहा मिनिटं असेल. माझी जखम भरतच नाहीये हो, समीकरणात! तिचं कुठवर आलंय ते बघायचं होतं."

"कपाट उघडलंस?"

"पक्ष्यांच्या वह्या घेऊन मी काय करू? मला पफिन आणि कावळा यातला फरक कळत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "ती जागा मला हवीय, नाही म्हणत नाही. पण अशी नको."

क्रेल यांच्याशी बोलणं अवघड होतं. त्यांनी एल्सपेथला बसायलाही सांगितलं नाही, तरी ती बसली. मी टिपणं घ्यायच्या निमित्ताने तिच्यासोबत होते.

"निनिअन, तुमचा तो लेख. अचानक कोसळण्याचा."

"शहाऐंशीत चौदाशे एक्याऐंशी बिळं, सत्त्याऐंशीत सातशे नव्वद. वर्षात जवळजवळ निम्मी वसाहत गेली. वाढणारी वसाहत एका मर्यादेनंतर स्वतःच्याच वजनाने कोसळते, हे मी त्यावरून मांडलं. नव्वद सालापासून लोक तो लेख वाचतायत."

"तो आकडा खोटा निघाला तर?"

"तर मी उघडा पडेन," क्रेल तुटकपणे म्हणाले. "म्हणून मी वही चोरली, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तुम्ही त्या वह्या कधी उघडून पाहिल्या होत्या?"

"गरज काय होती? एकोणनव्वद साली आर्चीने मला सगळ्या बेरजा वाचून दाखवल्या, मी लिहून घेतल्या. त्याच्यावर अविश्वास दाखवायला काही कारण होतं का?"

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ते घाबरलेत."

"घाबरलेत खरे. पण विल्मा, आपण अजून सगळ्यात सोपा प्रश्नच विचारलेला नाही. सहा वह्यांतली गेलेली नेमकी कुठली?"

आम्ही कपाट उघडलं. वह्यांवर बाहेरून काही लिहिलेलं नव्हतं, वर्षं आतल्या पानावर होती. एल्सपेथने एकेक उघडून पाहिली. पाचवी उघडली आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"सत्त्याऐंशीची वही इथेच आहे," ती म्हणाली.

३

ग्रिअरला आम्ही वरच्या खोलीत बसवलं. ती शेटलंड बेटांवरची, मेंढपाळाची मुलगी. फारसं बोलत नसे, आणि रडू आलं की खिडकीकडे बघत असे. ती खिडकीकडेच बघत होती.

"गेली ती चौथी," एल्सपेथ म्हणाली. "त्र्याऐंशी ते शहाऐंशी. तुला त्यात काही खटकलं होतं का?"

"छे. ती तर सगळ्यात चांगली वही. माझं भांडण सत्त्याऐंशीशी आहे." तिने कागद ओढून घेतला. बोलायला विषय मिळाल्यावर तिचा आवाज सुधारला. "हे बघा, पफिन वर्षाला एकच अंडं घालतो. पिल्लू पाचेक वर्षांनी स्वतःचं बीळ करतं. मोठे पक्षी वीस-वीस वर्षं जगतात. म्हणजे हा आकडा हळू वर जातो आणि हळूच खाली येतो. एका हिवाळ्यात निम्मे जायचे तर समुद्रात काहीतरी भयंकर व्हायला हवं. पण शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा हिवाळा अगदी सौम्य होता, मी हवामानाच्या नोंदी काढल्या. वादळं झाली ती त्याच्या आधी. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. किनाऱ्यावर मेलेल्या पक्ष्यांचा खच पडला होता तेव्हा."

"आणि त्या वर्षांत वहीतला आकडा काय करतोय?"

"वाढतोय." ग्रिअर थबकली. "हो, वाढतोय. मी म्हटलं, बेटावर पक्षी बाहेरून आले असतील."

"आकडे वाच."

"त्र्याऐंशी, अकराशे पंच्याहत्तर. चौऱ्याऐंशी, बाराशे एकोणसत्तर. पंच्याऐंशी, तेराशे एकाहत्तर. शहाऐंशी, चौदाशे एक्याऐंशी."

एल्सपेथने खिशातलं गणकयंत्र काढलं, तीन वेळा भागाकार केला आणि यंत्र माझ्यासमोर ठेवलं. "विल्मा, वाच."

"एक पूर्णांक शून्य आठ," मी वाचलं. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. दर शंभराला आठ. आता याआधीची वर्षं बघ. हजार बारा, अकराशे पाच, मग एकदम हजार त्रेचाळीस, मग अकराशे अडुसष्ट. वर-खाली, वर-खाली. जिवंत गोष्टी अशाच असतात. एखादा जून पावसाळी, एखाद्या वर्षी मासे कमी, मोजणाऱ्याला सर्दी. सरळ रेषेत चालणारा पक्षी मी अजून पाहिलेला नाही."

ग्रिअरचा चेहरा बदलला. "म्हणजे पडझड खोटी नाही. वाढ खोटी आहे."

"चहाच्या वेळी सगळ्यांनी काय ऐकलं? सत्त्याऐंशीचा आकडा संशयास्पद आहे. तुझं नुकसान करायचं असतं तर फर्गसने ती वही नेली असती. लेख वाचवायचा असता तर क्रेलनी ती नेली असती. तू लपवाछपवी करत असतीस, तर तूही तीच नेली असतीस. पण चोराने तिला हातही लावला नाही. त्याच्या आधीची नेली, जिच्यात कुणालाच काही वावगं दिसलेलं नव्हतं. म्हणजे घेणाऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं." तिने कागद बाजूला सारला. "आता मला सांग, ती सगळ्यात चांगली वही असं का म्हणालीस?"

"अक्षर छान होतं म्हणून. बाकीच्या वह्या बघा ना, बोथट पेन्सिल, चिखलाचे डाग, विष्ठेचे डाग, पावसाने चिकटलेली पानं. एकेक वही उतरवून घ्यायला मला तीन-तीन दिवस लागले. चौथी एका दुपारात झाली. पहिली काही पानं पेन्सिलीत, पण नंतर सगळं निळ्या शाईत. पानं एकदम कोरी, स्वच्छ."

स्केलडीवर जूनमध्ये काय वारा असतो हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे शाईने लिहायला बसलेला माणूस मी कल्पनेतही आणू शकले नाही.

आणि मग मला एक गोष्ट आठवली, जी या दोघींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. "एल्सपेथ," मी म्हणाले, "सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये विभागातर्फे सांत्वनाचं कार्ड मीच पाठवलं होतं. आर्चीची बायको गेली तेव्हा. बेथिया. त्याआधी तीन वर्षं ती अंथरुणावर होती. कमरेखालचं शरीर लुळं पडलं होतं."

एल्सपेथने कोट उचलला. "पोर्टेरलची बस किती वाजता असते?"

४

आर्चीचं घर बंदराच्या वर, चढावर आहे. दार उघडल्यावर त्याने आम्हा तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. ग्रिअरवर नजर पडली तशी खाली घातली.

"या," तो म्हणाला. "किटली ठेवलेलीच आहे."

वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. लपवलेली नव्हती. तिच्याशेजारी काडेपेटी होती.

"काल रात्रीपासून तशीच आहे," आर्ची म्हणाला. "पेटवायची म्हणून बसलो. नाही पेटवता आली."

चहा झाला, त्याने चारही पेले भरले आणि मग स्वतःच सुरुवात केली.

"बेथिया शाळेत शिकवायची. लग्न झाल्यापासून दर जूनला माझ्याबरोबर बेटावर यायची. एका बाजूने ती, एका बाजूने मी. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात तिला झटका आला. पाय गेले, हात शाबूत राहिले. दिवसातून चार वेळा तिला वळवायला लागायचं. पुढचा जून आला तेव्हा तिला तीन दिवस कुणावर सोडू? मुलंबाळं नाहीत आम्हाला."

"ट्रस्टला कळवायचं होतं," ग्रिअर हळूच म्हणाली.

"कळवणार होतो, पोरी. पत्र लिहायला घेतलं होतं. पण ती म्हणाली, आर्ची, तू जा, शेजारची मॅगी बघेल मला. हट्टच धरला. मग मी सकाळी होडी घेऊन निघालो, त्या टोकाच्या पलीकडे गेलो आणि मॅगीच्या परसात परत आलो. तीन दिवस तिथेच काढले, हाक आली तर ऐकू यावी म्हणून. तिसऱ्या संध्याकाळी घरी गेलो तर ती उशीला टेकून, पेन घेऊन तयार. 'किती भरले? सांग, मी लिहिते. तुझं अक्षर देवालाही वाचता यायचं नाही.'"

ग्रिअरने वही उघडली होती. निळं, गोल, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं अक्षर.

"त्या हिवाळ्यात मेलेले पक्षी मी टोपल्यांनी उचलले होते किनाऱ्यावरून. तिला माहीत नव्हतं, तिच्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसायचं. तिला कसं सांगू की कमी झालेत? ट्रस्टच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, निरोगी वसाहत वर्षाला शंभराला आठने वाढते. तेवढे वाढवले. बेटाच्या एकेका भागाचे आकडे पाडून सांगत गेलो. ती इतकी खूश झाली! पुढच्या जूनला पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्या जूनला."

"त्यांना शंका आली नाही?" मी विचारलं.

"तिलाच ठाऊक," आर्ची म्हणाला. "शेवटच्या वर्षी लिहून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, 'फार गुणी पक्षी आहेत हं तुझे.' एवढंच म्हणाली."

समोरच्या धक्क्यावर कुणीतरी पिंप लोटत नेत होतं.

"क्रेलसाहेब आले तेव्हा नुसत्या बेरजा वाचून दाखवल्या," आर्ची पुढे म्हणाला. "त्यावर ते एवढा लेख लिहितील हे मला काय माहीत? या वर्षी ट्रस्टने सगळ्या वह्या तुमच्याकडे पाठवा म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर खेपेला वाटायचं, आज विचारतील. काल ही म्हणाली, उद्या मूळ वहीत बघते. सत्त्याऐंशी बघताना हिने मागची वहीही उघडली असतीच. एकदा शंका आली की शाई दिसतेच." तो ग्रिअरकडे वळला. "तुझी पदवी अडेल हे घरी आल्यावर डोक्यात आलं. मग बसच नव्हती."

ग्रिअरने वही मिटली. मला वाटलं, ही आता चिडेल. तिचा तसा हक्क होता. महिनाभर ती स्वतःला मूर्ख समजत होती, त्या सकाळी तिच्यावर बालंट येऊ घातलं होतं.

"आर्ची," ती म्हणाली, "माझं समीकरण बरोबर होतं. महिनाभर मी ते मोडून पुन्हा मांडतेय. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत ना, की गेलो नव्हतो, तर मला पुरलं असतं. नसलेल्या आकड्याशी मला जमवून घेता येतं. तीन जागा रिकाम्या ठेवायच्या आणि पुढे जायचं. भरलेल्या खोट्या आकड्याचं मी काय करू?"

म्हाताऱ्याने तोंडावरून हात फिरवला. "मी लिहून देतो. ट्रस्टला, तुमच्या परीक्षकांना, ज्याला हवं त्याला."

५

सोमवारी आर्चीचं पत्र ट्रस्टला गेलं. अक्षर लागेना म्हणून ते मी टाइप केलं, शब्द सगळे त्याचे. क्रेल यांना सांगायचं काम एल्सपेथने केलं. तासाभराने ते माझ्या खोलीत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सहा वर्षं, विल्मा. सहा वर्षं मी एका आजारी बाईची समजूत समीकरणात मांडत होतो." मग त्यांनी मासिकाच्या संपादकांचा पत्ता मागितला. ग्रिअरची माफी त्यांनी बुधवारी मागितली. दोन दिवस उशीर झाला, पण नीट मागितली, आमच्या सगळ्यांसमोर.

ती तीन वर्षं वगळली आणि ग्रिअरचं मॉडेल एका संध्याकाळी जुळलं. अकराशे पंच्याहत्तरवरून सातशे नव्वद, चार वर्षांत हळूहळू, वादळी हिवाळ्यांच्या हिशेबाने. अचानक काही कोसळलं नव्हतं. तिची टंकलिखित प्रत तपासायला फर्गस रात्री आठपर्यंत बसला, कुणी सांगितलं नव्हतं. पुढे ती जागा ग्रिअरला मिळाली. फर्गस जखमा घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि तिथे त्या भरल्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक नॉर्वेहून आले होते, पांढऱ्या भुवयांचे, एकेक शब्द तोलून बोलणारे. मी आत चहा ठेवत होते तेव्हा त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"या तीन ओळी रिकाम्या का?"

"त्या तीन वर्षांत कुणी मोजलं नाही," ग्रिअर म्हणाली.

"वहीत तर आकडे आहेत."

"आहेत. पण ते पक्ष्यांचे नाहीत. का नाहीत ते आर्ची स्वँकी सांगतील. ते बाहेर बसलेत. त्यांना कुणी बोलावलेलं नाही, स्वतःहून आलेत."

परीक्षकांनी चष्मा काढला, उठले आणि कुणाला काही न सांगता बाहेर गेले. आर्ची व्हरांड्यातल्या बाकावर होता, काळ्या सुटात, मांडीवर टोपी. परीक्षक त्याच्या शेजारी बसले. दार अर्धवट उघडं होतं. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते, पण ऐकू येत होतं. आर्चीने सगळं सांगितलं, काही न वगळता. मॅगीचं परससुद्धा सांगितलं.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आणि सत्त्याऐंशी? तो आकडा कुणाचा?"

"तो माझा," आर्ची म्हणाला. "मार्चमध्ये ती गेली, जूनमध्ये मी एकटा गेलो. सातशे नव्वद. दोनदा मोजले साहेब, एकाचीही चूक नाही."

परीक्षकांनी मान हलवली. त्यांनी खिशातून पेन आणि ग्रिअरचं निकालपत्र काढलं, तिथेच बाकावर, गुडघ्यावर ठेवून त्यावर 'उत्तीर्ण' लिहून सही केली आणि दारात येऊन कागद माझ्या हातात दिला.